वच्छलाकाकूंची टिचकी

वच्छलाकाकूंना माझं नाव कधीच लक्षात राहिलं नाही. अकोल्यात आमच्या घराला लागूनच त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. मधली भिंत एकच आणि तीही अर्ध्या विटेची. तिकडे काकूंनी बांगड्यांचा जुडगा उचलला की इकडे आमच्या देवघरात किणकिण ऐकू यायची. इतक्या जवळ वाढूनही मी त्यांच्यासाठी ‘दोन-चारची पोट्टी’च राहिले. दोन-चार हे माझ्या आईच्या बांगडीचं माप. पुढे माझं लग्न झालं, अमरावतीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवू लागले, नावामागे डॉक्टर लागलं. या सगळ्याचा काकूंवर झालेला परिणाम एवढाच की त्या मला ‘दोन-सहा’ म्हणू लागल्या. लग्नानंतर माझा हात भरला होता. त्यांच्या दफ्तरी हीच माझी बढती.

गल्लीतल्या समस्त बायकांची नोंद अशीच होती. तलाठ्यांची बायको म्हणजे दोन-आठ, शाळेतल्या बाई दोन-दोन, आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची मालकीण दोन-दहा, पण ते मोठ्याने बोलायचं नाही. पोस्टमन नवीन होता तेव्हा पत्ता विचारायला काकूंकडे आला. काकूंनी त्याला सगळी गल्ली मापात समजावून सांगितली. महिन्याभरात तोच आमच्या दारात उभा राहून विचारू लागला, “दोन-चार बाई आहेत का घरात? सही पाहिजे.”

माणसाचा चेहरा फसवतो, हात फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे सगळे मुलाची नोकरी आणि नाक बघत होते. काकू आल्या आणि त्यांनी थेट त्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं, बोटं दुमडून बघितली. मुलाचे कान लाल.

“मऊ हाय,” काकूंनी निकाल दिला. “भांडं घासलं नाही यानं कधी. पन शिकवलं तं शिकन.”

आज आमच्याकडे तो कढई घासायला बसला की मला काकूंची आठवण येते. त्याला जरा जास्तच येते.

काकूंचे स्वतःचे हात वाळलेले, लहानखुरे आणि तळव्याकडे गुळगुळीत होते. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पण एकीचा दुसरीशी मेळ नाही. लाल, तिच्या शेजारी पोपटी, मध्येच एक सोनेरी टिकल्यांची. ज्या बांगड्यांची जोडीदारीण गेली, त्या काकू स्वतः घालत. “एकटीले कोन घेते? राहू दे माह्या हातात,” म्हणत.

बांगड्या भरताना मात्र त्या निराळ्याच होत. समोर पाट टाकून बसवायच्या, तुमचा हात आपल्या मांडीवर घ्यायच्या आणि गप्पा सुरू करायच्या. अवघड जागा एकच, अंगठ्याचं हाड. तिथे बाई घाबरते, हात ताठ करते आणि बांगडी अडते. नेमक्या त्या क्षणाला काकू एक प्रश्न विचारायच्या. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा. दोन-आठला “नणंद आली व्हती म्हनते?” एवढं विचारलं की दोन-आठ जी सुटायची, ती थांबेपर्यंत डझन भरून झालेला असायचा. शाळेतल्या बाईंना त्या नव्या हेडमास्तरांबद्दल विचारत. मला विचारायच्या, “गनितात किती पडले?” मी खोटं उत्तर रचण्यात गुंतायचे आणि भानावर यायचे तोवर हात हिरवागार. हातातली भीती तोंडावाटे बाहेर काढायची, हे त्यांचं शास्त्र. मी पुढे पीएच.डी. केली, पण इतकं खात्रीचं शास्त्र काही हाती लागलं नाही.

दुकानात ‘फुटली’ हा शब्द काढायची बंदी होती. ‘वाढली’ म्हणायचं. चुकून कोणी म्हणालंच तर काकू तिला चूळ भरून यायला लावत. पण तशी वेळच कमी यायची, कारण पन्नास वर्षांत काकूंच्या हातून भरताना एकही बांगडी वाढली नव्हती. कोणाच्या हाताला ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. हे त्या दिवसातून एकदा तरी सांगत. “माह्या हातानं आजवर कोनाले लागलं नाही,” हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही इतकं ऐकलं की आम्ही पोरं ते त्यांच्याबरोबर कोरसमध्ये म्हणायचो.

आणि एक रीत. डझन भरून झाला की काकू आणखी एक बांगडी काढायच्या, ‘वरची’. ती जिने बांगड्या भरल्या तिला नव्हे, तर जी शेजारी बसून नुसती बघत असे तिला. आई भरायला बसली की मी तिला खेटून बसायचे ते त्या वरचीसाठी. आईच्या मापाची ती बांगडी माझ्या दंडापर्यंत जायची आणि हात खाली केला की टपकन गळून पडायची. म्हणून मी घरी येईपर्यंत हात वर धरून चालायचे.

आता टिचकीबद्दल. माल तपासताना काकू प्रत्येक बांगडीला नखाने टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर आत कुठेतरी चीर आहे, बाजूला ठेवायची. हे झालं धंद्याचं. पण पुढे पुढे तो धंदा राहिला नाही, स्वभाव झाला. माठ, नारळ, कपबशा, एस.टी.ची खिडकी, दवाखान्यात सलाईनची बाटली, काहीही समोर आलं की आधी टिचकी. एकदा अकोटला लग्नाला गेल्या होत्या, तिथल्या हॉटेलात चहाच्या कपाला टिचकी मारून म्हणाल्या, “दादा, हा कप तडकला हाय, याच्यात कोनाले देऊ नको.” मालक हसला आणि तोच कप त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला दिला. ते गिऱ्हाईक म्हणजे नवरदेवाचा मामा. लग्नाच्या फोटोत मामांच्या पांढऱ्या शर्टावर जो नकाशा दिसतो तो त्या चहाचा.

चुका होत नसत असं नाही. एका उन्हाळ्यात सगळ्या गल्लीसमोर टिचक्या मारमारून त्यांनी एक टरबूज निवडलं. “निरा रक्तासारखं निघन.” कापलं तर दुधी भोपळ्यासारखं पांढरंफटक. काकूंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “खोटं बोललं मेलं.”

आई गेली त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर मी अकोल्याला गेले नव्हते. घर भाड्याने दिलं, चाव्या भावाकडे. बांगड्याही सुटल्या. डाव्या हाताला घड्याळ आणि उजवा रिकामा, अशी मी कॉलेजात जात होते.

गेल्या मार्चमध्ये आमच्या कॉलेजच्या वनस्पती उद्यानात काचशिल्पांचं प्रदर्शन भरलं. मार्चच का, तर सरकारी कार्यक्रम मार्चअखेरच्या आत उरकायचा असतो म्हणून; आमच्याकडे तेव्हा ऊन डोक्यावर काठी घेऊन उभं असतं, हे वरच्यांना कोणी सांगायचं? रेवती नावाची अमरावतीचीच मुलगी, बाहेरदेशी काचेचं काम शिकून आलेली. तिने आमच्या तळ्यात निळी काचेची कमळं सोडली, निवडुंगांमध्ये पुरुषभर उंचीचे हिरवे भाले रोवले, आणि केळीच्या बनात मांडलं मुख्य शिल्प: जांभळं केळफूल, कमरेएवढं उंच, एकावर एक पाती मिटलेली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होतं. बागेची जबाबदारी माझी. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी वच्छलाकाकूंना फोन केला. म्हटलं, काचेचं प्रदर्शन आहे, या.

“कोन्या मापाचं?” त्यांनी विचारलं.

आल्या. त्याच दुपारच्या एस.टी.ने, एकट्या, कापडी पिशवी छातीशी धरून. उतरल्या उतरल्या तक्रार, “खिडकीची काच बद्द वाजते वं. कंडक्टरले सांगतलं तं म्हने, आजी, तिकिटावर लक्ष द्या.”

बागेच्या फाटकावर मी त्यांना थांबवलं. जागोजागी लावलेल्या पाट्या दाखवल्या: ‘हात लावू नये’. “काकू, इथे टिचकी नाही. माझी नोकरी आहे.” त्यांनी मान डोलावली. माझा विश्वास बसेना हे पाहून स्वतःच पदराचं टोक उजव्या हाताला गुंडाळलं आणि गाठ मारली. म्हणाल्या, “आता झालं?”

अर्धा तास त्या शहाण्या मुलीसारख्या फिरल्या. कमळांपाशी उकिडव्या बसून म्हणाल्या, “पोरीचा हात चांगला हाय. फुकताना काचेचा फुगा कुठंच जाड नाही झाला.” हिरव्या भाल्यांना त्यांनी “चांगला रंग,” एवढंच प्रमाणपत्र दिलं. आम्ही केळीच्या बनात आलो. तिथे पानांमधून ऊन आत घुसून थेट त्या केळफुलावर पडलं होतं आणि ते आतून पेटल्यासारखं दिसत होतं. मी त्यांना केळफुलाबद्दल काहीतरी शास्त्रीय सांगत होते. माझं वाक्य पुरं होईपर्यंत गाठ सुटलेली होती.

टिक.

आवाज आलाच नाही म्हणा ना. जाड सतरंजीवर बोट आपटावं तसा. काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी हात मागे घेतला आणि हळू म्हणाल्या, “हे बोलत नाही वं. याच्या आत चीर हाय. उन्हातून काढा याले. अन् पानी तं पडूच देऊ नका.”

तेवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. “ओ आजी! हात नाही लावाचा!” आजूबाजूला मांडामांड करणारे वळून बघू लागले. मी शरमेने अर्धी झाले. काकू जे सांगत होत्या ते ऐकायचं सोडून मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि पायऱ्यांवर बसवलं. हे लिहिताना आजही मला माझाच राग येतो.

बरोबर चार वाजता आमचे माळी किसनभाऊ पाण्याची नळी घेऊन आले. किसनभाऊ गेली अठ्ठावीस वर्षं चार वाजता केळीला पाणी देतात. प्राचार्य बदलले, विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला, चारचं पाणी बदललं नाही. त्यांनी नळीवर अंगठा धरून नेहमीसारखा फवारा उडवला. तापलेल्या काचेवर गार पाणी. कड्‌ असा आवाज झाला आणि केळफुलाची दोन पाती निखळून खाली मातीत पडली.

पळापळ झाली. प्राचार्य आले, प्रदर्शन समितीचे लोक आले. पहारेकऱ्याने बोट दाखवलं ते पायऱ्यांवर. “सर, या आजीनं हात लावला व्हता. म्या सोता पायलं.”

“बाई, पाटी वाचता येत नाही का तुम्हाला?” प्राचार्य कडाडले. “उद्या उद्घाटन आहे. तुम्ही फोडलंत ते!”

वच्छलाकाकू उठून उभ्या राहिल्या. त्यांनी ‘फोडलंत’ या शब्दाबद्दलही तक्रार केली नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

“माह्या हातानं?” त्यांनी विचारलं. “दोन-सहा, माह्या हातानं झालं काय वं?”

मी म्हटलं, नाही काकू, पाण्यानं. पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी प्राचार्यांना काहीतरी सांगू लागले, किसनभाऊ त्यांच्या परीने ओरडू लागले, “मी रोजच पानी देतो! पाटीवर हात लिवलं व्हतं, पानी नव्हतं लिवलं!” मला एकच सुचलं, काकूंना रिक्षात घालून साडेपाचच्या गाडीला बसवून द्यावं. मी त्यांची पिशवी उचलली. त्यांनी ती परत घेतली.

“मी अशी जानार नाही. पन्नास वर्सं झाले या हाताले. त्या पोरीले बोलवा.”

रेवती आली. जीन्स, केस बांधलेले, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. तिने मातीतली दोन पाती वाकून बघितली. काकू तिच्यापुढे गेल्या. “बाई, मी एक टिचकी मारली हे खरं. कबूल. पन थे आधीच बद्द वाजलं. माहा भरोसा नसन तं परीक्षा घे. मी पाठ करून उभी राहतो. तू वाजव.”

प्राचार्य काही म्हणणार होते. रेवतीने हाताने त्यांना थांबवलं. ती निवडुंगांत शिरली. काकूंनी पाठ फिरवली, डोळे मिटले. आम्ही सगळे, समिती, पहारेकरी, नळी धरलेले किसनभाऊ, कान देऊन उभे. नळी मात्र चालूच होती आणि प्राचार्यांच्या बुटात जात होती.

टण्. “पक्का,” काकू म्हणाल्या. टण्. “पक्का.” टण्. “पक्का हाय, पन खाली हाललेला हाय, माती दाबा.” किसनभाऊंनी पळत जाऊन माती दाबली. आठ भाले झाले. नवव्याला रेवतीने टिचकी मारली. आमच्या कानांना तो इतरांसारखाच वाजला.

काकू थांबल्या. मला टरबूज आठवलं.

“पुन्हा वाजव,” त्या म्हणाल्या. पुन्हा वाजलं. “हा जोडलेला हाय. मधात. वरच्या अंगाले.”

रेवतीचा चेहरा खर्रकन उतरला. ती निवडुंगातून बाहेर आली. “प्रवासात तुटला होता,” ती म्हणाली. “मी चिकटवला आणि जोड मागच्या बाजूला केला. कोणाला सांगितलं नाही.” मग केळफुलाकडे बघून म्हणाली, “सर, त्याचीही चीर मला सकाळीच दिसली होती. वाटलं, उद्याचा दिवस निघेल. या आजींनी काही केलेलं नाही. मी बोलायला हवं होतं.”

काकूंनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडाने त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या, “आता फुक शिट्टी.”

प्रश्न उरला केळफुलाचा. समितीने त्यावर चादर घालण्यापासून उद्घाटन रद्द करण्यापर्यंत सगळं सुचवलं. तेव्हा किसनभाऊ, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणाले, “केयफुलाचं पान तं पडतेच ना सर. पडल्याबिगर केयी येते काय?” मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. हे मला सुचायला हवं होतं. रेवतीने ती दोन पाती पडली होती तिथेच मातीत राहू दिली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी सगळ्यात जास्त वेळ तिथेच काढला आणि गळलेल्या पात्यांतून कलावंताने जीवनाचं जे काही सांगितलं आहे त्यावर वीस मिनिटं बोलले.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी काकूंनी रेवतीला पायऱ्यांवर बसवलं आणि पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. मी शेजारी बसले. रेवती म्हणाली, “आजी, माझ्या हातात जात नाहीत. हात राठ झालाय. दोन-आठसुद्धा अडते.”

काकूंनी तिचा हात दाबून बघितला. भाजल्याच्या डागांवरून अंगठा फिरवला. “दोन-चार,” त्या म्हणाल्या. “भेलेला हाय म्हनून मोठा वाटते.” आणि पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी आली तेव्हा विचारलं, “पहिलं कोनतं वाढलं व्हतं वं तुह्या हातचं?”

रेवती हसली. मग सांगू लागली. आईसाठी केलेला एक तांब्या, वेडावाकडा, भट्टीतून काढताना गेला, परक्या गावात, रडायलाही ओळखीचं कोणी नव्हतं. सांगता सांगता ती रडली, पुन्हा हसली आणि मध्येच थांबून मनगटांकडे बघत राहिली. डझन भरून झाला होता.

सहाच्या गाडीला मी काकूंना बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. बसल्या बसल्या त्यांनी काचेला टिचकी मारली, ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. मग काच सरकवून हात बाहेर काढला आणि माझा उजवा हात धरला.

“दोन-चार गेली, तवापासून तू अकोल्याले काहून नाही आली वं?”

मी म्हटलं, परीक्षा असतात, पेपर असतात. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. काकू हात सोडेनात. मी म्हटलं, काकू, खरं सांगू? त्या भिंतीपलीकडून किणकिण ऐकू आली की वाटेल आई तुमच्याकडेच बसली आहे, आत्ता येईल. आणि ती येणार नाही. म्हणून नाही आले. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. गाडी हलली. मी चार पावलं बरोबर चालले.

“ये,” काकू म्हणाल्या, आणि हात सुटला.

गाडी स्टँडच्या फाटकातून वळली तेव्हा मी डोळे पुसायला हात वर केला आणि किणकिण झाली. मनगटात एक हिरवी बांगडी होती. रेवतीच्या डझनाबरोबरची. वरची. दोन-चारची बांगडी माझ्या दोन-सहाच्या हातात. आयुष्यभर ती प्रश्नाची युक्ती शेजारी बसून पाहिलेली मी, आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

रिक्षात मी हात वर धरूनच बसले, कुठे आपटायला नको म्हणून. रिक्षावाला आरशातून दोनदा बघून शेवटी म्हणाला, “म्याडम, हाताले लागलं काय?”

“नाही,” मी म्हटलं. “जरासुद्धा नाही लागलं.”